दुखण्याची रोजकीर्द

दुकानदारी हा कष्टाचा व्यवसाय आहे असे म्हटले, की बाहेरच्या माणसाला हसू येते. गादीवर नाही तर खुर्चीवर बसून राहण्यात कष्ट ते कोणते, असा त्याचा प्रश्न असतो. परंतु सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत एकाच जागी बसणे, मान पुढे काढून बिले लिहिणे, एका बाजूला रेलून ग्राहकाला माल दाखवणे आणि मधेच उठून एखादे जड पोते सरकवणे, हा दिनक्रम तीस वर्षे चालला म्हणजे शरीर त्याची वसुली केल्यावाचून राहत नाही. चाळिशी ओलांडलेल्या चार व्यापाऱ्यांच्या बैठकीत बसावे, तर बाजारभावानंतर जो विषय निघतो तो मान, खांदा किंवा कंबर यांचाच असतो.

हे दुखणे केवळ आपल्या पेठेपुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. त्यांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत कोणताही गंभीर आजार सापडत नाही, तपासण्या स्वच्छ येतात आणि दुखणे मात्र हटत नाही. ‘गोळ्या घेऊन कंटाळलो, दुसरा काही उपाय आहे का?’ हा प्रश्न अशाच अवस्थेतून येतो. दुसरे उपाय पुष्कळ आहेत, त्यांतील काही चांगलेही आहेत. परंतु कोणता उपाय कोणत्या खात्यात लिहायचा, याचा विचार सहसा केला जात नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतील भेद शिकवतात. दुकानाचे वीजबिल हा महसुली खर्च होय. तो आवश्यक असतो, पण त्याचा लाभ त्याच महिन्यात संपतो. दुकानात पक्की मांडणी करून घेतली तर तो भांडवली खर्च ठरतो, कारण त्याचा लाभ पुढील अनेक वर्षे मिळत राहतो. स्नायूंच्या जुन्या दुखण्यावरील उपचारांचेही असेच दोन वर्ग आहेत. काही उपचार तासाभराचा किंवा आठवडाभराचा आराम देतात. काही उपचार शरीर वापरण्याची आपली पद्धतच बदलतात. दोन्हींना स्थान आहे. नुकसान होते ते पहिल्या वर्गातील उपचारावर दुसऱ्या वर्गाची अपेक्षा ठेवून वर्षानुवर्षे पैसे मोजत राहिल्याने.

दुखणे मुळात उत्पन्न कसे होते, ते प्रथम पाहू. माणसाच्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलो असते. डोके खांद्यांच्या सरळ रेषेत असताना हा भार मणके सहज वाहतात. परंतु मान पुढे झुकली की गणित बदलते. जुन्या दांडीच्या काट्यावर तेच वजन टेकूपासून दूर सरकवले की दुसऱ्या बाजूला अधिक माल घालावा लागतो, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. डोके पुढे गेले म्हणजे मानेच्या मागील स्नायूंना तसाच अधिक जोर लावून ते तोलून धरावे लागते. सतत आकसलेल्या स्नायूतील रक्तप्रवाह मंदावतो, तो थकतो, ताठरतो आणि दुखू लागतो. मात्र ‘अमुक एक बैठक योग्य आणि बाकी सर्व चुकीच्या’ असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. अगदी ताठ बसलेला मनुष्यही चार तास न हलता बसला तर त्याची पाठ दुखेल. खरा उपद्रव आहे तो दीर्घकाळ एकाच स्थितीत राहण्याचा.

म्हणूनच कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी दुखण्याची रोजकीर्द ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. साधी वही पुरे. सकाळी, दुपारी व रात्री दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यावा आणि त्या वेळी आपण काय करत होतो, किती वेळ बसलो होतो, झोप कशी लागली होती, हे दोन शब्दांत टिपावे. तीन आठवड्यांनी त्याची खतावणी करावी.

माझ्या परिचयाचे एक कापड व्यापारी सहा वर्षे उजव्या खांद्याच्या व मानेच्या दुखण्याने बेजार होते. मानेचा पट्टा, चुंबकीय गादी, तेलाच्या बाटल्या, दोन ठिकाणची मालिश असे सर्व काही झाले होते. शिवाय रोज संध्याकाळी एक वेदनाशामक गोळी ठरलेली होती. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्याच. वार्षिक तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले आणि डॉक्टरांनी ती संध्याकाळची गोळी तत्काळ बंद करावयास सांगितली. आता दुखणे सोसायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी वही घातली. तीन आठवड्यांत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दुकान बंद असण्याच्या वारी दुखणे निम्म्यावर येत असे. आणि महिन्याच्या २० तारखेपूर्वीच्या तीन-चार दिवसांत, म्हणजे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या धांदलीत, ते सर्वाधिक असे. त्यांचा लॅपटॉप गादीसमोरच्या बैठ्या चौरंगावर होता आणि ते त्यावर वाकून रात्री अकरापर्यंत काम करत. सहा वर्षे उपचार खांद्यावर चालले होते. चौरंगाकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला आला, वेगळा कीबोर्ड आला, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाच व्यायाम सुरू झाले. दुखणे समूळ गेले असे ते आजही म्हणत नाहीत. परंतु गोळी सुटली आणि क्रिएटिनिन पुढे वाढले नाही, हे त्यांना अधिक मोलाचे वाटते.

वेदनाशामक गोळ्यांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे तीव्र दुखण्यात चार-आठ दिवस घेणे वेगळे आणि ती वर्षभर रोज घेणे वेगळे. त्यांच्यामुळे जठराला व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्तदाबाची काही औषधे व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सोबत असतील तर हा धोका आणखी वाढतो. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली, त्याचे कारण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत होती. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. माणसाची मूत्रपिंडे गिधाडाइतकी नाजूक नाहीत, हे खरे. तथापि हे औषध पेपरमिंटप्रमाणे खिशात ठेवण्याजोगे नाही, एवढे यातून ध्यानात यावे. आपल्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणीही मर्यादित असताना, रिकाम्या पोटी अशी गोळी घेणे जठर व मूत्रपिंडे या दोहोंना घातक ठरू शकते. तपश्चर्येचे दिवस जवळ येत असतील तर नेहमीच्या औषधांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

पर्यायी उपचारांकडे वळण्यापूर्वी दुखण्यामागे दुसरे कारण दडलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, ड जीवनसत्त्वाचा अभाव आणि कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्या यांमुळेही स्नायू दुखतात. मधुमेहींचा खांदा आखडतो. शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-१२ कमी असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे मुंग्या येणे व अशक्तपणा जाणवतो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे व दोन्ही मांड्या सकाळी तासभर ताठरत असतील, तर सूज दाखवणारी रक्ततपासणी करून घ्यावी. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, कारण नसताना घटणारे वजन, हातापायांतील वाढता अशक्तपणा, बसण्याच्या जागी येणारा बधिरपणा, लघवी-शौचावरील नियंत्रण जाणे, यांपैकी काहीही असेल तर वैद्य, मालिश, योग सर्व बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. डाव्या खांद्यातील कळ घामासह आली तर ती स्नायूची समजून तेल चोळत बसू नये.

एमआरआयचा अहवाल हाती आला की घरात चिंतेचे वातावरण पसरते. ‘चकती झिजली आहे’ हे वाक्य वाचून माणूस खचतो. पण ज्यांना कसलेच दुखणे नाही अशा लोकांच्या चित्रणांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के आणि साठीतील ८८ टक्के व्यक्तींच्या चकत्यांत झीज आढळली होती. केस पांढरे होणे जसे वयोमानाचे, तशीच ही झीजही बहुतांशी वयोमानाची.

आता उपचारांचा विचार करू. तेलाची मालिश, शेक, उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरण्याची कटिबस्ती, हे सर्व सुखद उपचार आहेत. उष्णतेने आखडलेला स्नायू सैलावतो, झोप लागते, आणि चांगली झोप हेही वेदनेवरील औषधच आहे. परंतु या उपचारांची नोंद महसुली खात्यात करावी. त्यांचा उत्तम उपयोग म्हणजे त्या आरामाच्या अवधीत व्यायाम सुरू करून घेणे. मान ‘कडकन’ मोडून देण्याचा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा, मग तो केशकर्तनालयात असो वा एखाद्या हाडवैद्याकडे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रोहिणी झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

ॲक्युपंक्चरविषयी जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना लक्षणीय आराम होता. ज्यांना मुद्दाम भलत्याच जागी वरवर सुया टोचल्या होत्या त्यांच्यात हे प्रमाण ४४.२ टक्के होते, तर नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांत २७.४ टक्के. सुयांचा आराम खरा होता, परंतु बिंदूंच्या नकाशाला त्यात फारसे महत्त्व नव्हते, असा याचा अर्थ निघतो. ज्याला प्रयोग करावयाचा असेल त्याने निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या सुयांचा आग्रह धरून तो अवश्य करावा. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

योगाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योगशिक्षक म्हणून आले आणि पुढे पुण्यालाच त्यांनी आपली कर्मभूमी केले. १९७५ पासून त्यांची संस्था तेथे कार्यरत आहे. दोर, पट्टे, विटा, खुर्च्या यांच्या आधाराने ताठर शरीराच्या माणसालाही आसन करता यावे, ही त्यांच्या पद्धतीची मोठी देणगी होय. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या योगवर्गानंतर लोकांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता सुधारली आणि वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता. वेदनेच्या आकड्यात मात्र दोन गटांत फारसा फरक नव्हता. माझ्या मते हा निष्कर्ष निराश करणारा नाही. दुखत असूनही वाकता येणे, उठता येणे, दुकान सांभाळता येणे, ही लहान कमाई नव्हे. साठीनंतर शीर्षासन, हलासन यांच्या वाटेला शिक्षकावाचून जाऊ नये. मानेचे दुखणे, उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असल्यास मुळीच जाऊ नये.

शरीराच्या ठेवणीविषयी सर्वांत बोलका प्रयोग मला अलेक्झांडर पद्धतीचा वाटतो. एफ. एम. अलेक्झांडर हे १८६९ साली टास्मानियात जन्मलेले काव्यवाचक. प्रयोगाच्या वेळी त्यांचा आवाज बसू लागला. त्यांनी आरशांसमोर उभे राहून स्वतःचे निरीक्षण केले, तेव्हा बोलण्यास आरंभ करताना आपण डोके मागे खेचतो व मान आवळतो, हे त्यांना दिसले. ही सवय ओळखणे, क्षणभर थांबणे आणि मान मोकळी ठेवून हालचाल करणे, यातून त्यांची शिक्षणपद्धती तयार झाली. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५७९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांना वर्षअखेरीस चार आठवड्यांपैकी २१ दिवस कंबर दुखत होती. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांना ती केवळ ३ दिवस दुखत होती. अवघे सहा धडे आणि त्याला चालण्याच्या व्यायामाची जोड एवढ्यानेही जवळजवळ पाऊण लाभ मिळाला. याच चाचणीत एका गटाला मालिश दिली होती. तीन महिन्यांनी त्यांची कामे करण्याची क्षमता सुधारलेली दिसली, पण वर्षअखेरीस ती सुधारणा टिकली नाही. महसुली व भांडवली खर्चाचा फरक याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही. या पद्धतीचे शिक्षक आपल्याकडे थोडेच आहेत. परंतु चांगला फिजिओथेरपिस्ट किंवा योगशिक्षक आपल्याला नेमके हेच शिकवतो, मग नाव काहीही असो.

कमरेचा पट्टा ही आपल्याकडे सर्वांत आधी खरेदी होणारी वस्तू. जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मालिश यांसारख्या उपायांचा पुरस्कार आहे; तर पट्टे आणि वजने लावून ताण देणे हे उपचार नेहमीसाठी वापरू नयेत असे म्हटले आहे.

पुड्या व डबे यांबाबत दोन इशारे. ‘तीन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या भुकटीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. गुण येतो तो त्याचा. मागाहून साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा पाचांपैकी एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. म्हणून नोंदणीकृत वैद्याकडून, घटकांची नावे छापलेले औषधच घ्यावे. दुसरा इशारा आहाराच्या मर्यादा पाळणाऱ्यांसाठी आहे. सांध्यांसाठी मिळणारे ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून, काँड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून, कोलॅजेन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून आणि कॅप्सूलचे आवरण अनेकदा जिलेटिनपासून बनते. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून काढतात. दगडफुलासारख्या वनस्पतिजन्य स्रोतापासून केलेले ड-३ ही आता मिळते. डब्यावरील हिरवी खूण पाहावी आणि शंका असल्यास उत्पादकाला लिहून विचारावे.

उपचार देणाऱ्यासमोर बसल्यावर, कर्जप्रस्ताव तपासताना विचारावेत तसे तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. किती बैठकांत काय फरक दिसावा? तेवढ्यात फरक न दिसल्यास आपण काय कराल? आणि घरी मी स्वतः काय करावयाचे? तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही, तुम्ही फक्त येत राहा’ असे उत्तर मिळाले तर तेथून उठावे. वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नयेत. आरोग्यविम्यात आयुष उपचारांचा समावेश असला तरी तो प्रायः रुग्णालयात दाखल होण्यापुरता असतो, हेही पॉलिसी वाचून पाहावे.

शेवटी दुकानातील मांडणीविषयी. जुन्या पेढ्यांवर दिवाणजींपुढे उतरत्या फळीचे मेज असे. वही डोळ्यांकडे येत असे आणि मान कमी झुकत असे. आज तेच काम संगणकाचा पडदा उंच करून साधता येते. काउंटर कमरेच्या वर असावा, खुर्चीवर पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवावा. मोबाइल छातीपर्यंत उचलून पाहावा. पोते उचलताना ते अंगाशी घेऊन गुडघ्यांत वाकावे, आणि ते तरुण नोकरालाही शिकवावे, कारण त्याची कंबर आपल्याहून कमी मोलाची नाही. दर अर्ध्या तासाने उठावे. पाणी दूर ठेवले तर उठणे आपोआप होते. ग्राहक नसताना भिंतीला पाठ टेकवून हनुवटी दहा वेळा मागे घ्यावी आणि खांद्यांची पाती एकमेकांकडे ओढावीत. रोज अर्धा तास चालावे. हे सर्व आठ आठवडे नेमाने करून मग वहीतील पहिल्या व शेवटच्या आठवड्याचे आकडे शेजारी मांडावेत. फरक दिसला तर तीच वाट पुढे चालू ठेवावी. दिसला नाही, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. तीन आठवड्यांची नेमकी नोंद हाती असलेला रुग्ण त्यांनाही हवाच असतो.